उथळ पाण्यातल्या मासेमारीसाठी फ्लॅट्स बोट: आधी पाणी मोजा, मग बोट बघा

दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या आमच्या ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "बोट घेतली. सहा इंच पाण्यात चालते म्हणे." दोन महिन्यांनी त्याच माणसाचा पुन्हा फोन येतो. कधी बोट गवतावर बसलेली असते, कधी गाडीला ट्रेलर ओढवत नसतो, तर कधी घरच्यांनी एका फेरीनंतर पुन्हा बोटीत पाय ठेवायचा नाही असं ठरवलेलं असतं. बोट वाईट नसते. निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी बोट आवडते, मग इंजिन बघितलं जातं, आणि आपलं पाणी कसं आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी पडतो.

हा लेख त्या क्रमासाठी आहे. फ्लॅट्स म्हणजे गुडघा-मांडीभर पाण्याचे, वाळूचे किंवा समुद्री गवताचे सपाट पट्टे. रेडफिश, स्नूक, बोनफिश इथे चरायला येतात. या पाण्यात आवाज न करता, तळ न खरवडता शिरणारी हलकी, सपाट बुडाची बोट म्हणजे फ्लॅट्स बोट. मी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मासे धरतो, म्हणून उदाहरणं तिथली आहेत. टेक्सासच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

टप्पा 1: तुमचं पाणी कोणतं ते लिहून काढा

बोटींच्या जाहिराती उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: वर्षातले जास्तीत जास्त दिवस मी कुठे जाणार, तिथला तळ कसला आहे, आणि तिथलं पाणी कशामुळे चढतं-उतरतं.

तळाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टॅम्पा बे आणि पाइन आयलंड साउंडमध्ये वाळू आणि गवत आहे. उत्तरेला होमोसासा, क्रिस्टल रिव्हरकडे गेलात की गवताखाली चुनखडकाचे दगड आहेत, आणि सीडर कीच्या आसपास कालवांचे धारदार थर. तिथे एक इंच चुकलं तर इंजिनाचा पंखाच (प्रोपेलर) जातो, पंख्याजवळची गियरची पेटी, म्हणजे गियरकेसही फुटू शकतो. फ्लोरिडा बेमध्ये मऊ चिखलाचे बांध आहेत. त्यात बोट रुतली तर उतरून ढकलता येत नाही, कारण उतरलेला माणूसच मांडीपर्यंत आत जातो. कोकणातल्या खाडीत ज्यांनी चिखल तुडवलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाण्याच्या चढउताराचंही तसंच. टॅम्पा बेमध्ये भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन-तीन फुटांचा. मोठा वाटत नाही, पण जिथे मुळात दीडच फूट पाणी आहे तिथे तो सगळा खेळ ठरवतो. हिवाळ्यात थंड हवेची लाट येऊन गेली की उत्तरेचा वारा खाडीतलं पाणी बाहेर ढकलतो आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यात दिलेल्या ओहोटीपेक्षाही पाणी खाली जातं. पूर्व किनाऱ्यावरच्या मॉस्किटो लगूनमध्ये चंद्राची भरती जवळजवळ नाहीच, तिथे पाणी वाऱ्यावर हलतं. टेक्सासच्या लगूना माद्रेतही वाऱ्याचाच जोर. अशा ठिकाणी तक्त्यापेक्षा आदल्या दोन दिवसांचा वारा बघावा लागतो.

तपासा: नोआच्या (अमेरिकेची सरकारी सागर-हवामान संस्था) नकाशावर दिलेली खोली ही सरासरी नीचतम ओहोटीपासून मोजलेली असते. तक्त्यात ओहोटीचा आकडा उणे असेल तर नकाशात लिहिलंय त्यापेक्षाही पाणी कमी मिळणार. नकाशावर "1 फूट" दिसलं आणि ओहोटी उणे अर्धा फूट असली, की तुमच्याकडे सहा इंच उरले.

शक्य असेल तर हिवाळ्यातल्या एका सकाळी, उणे ओहोटीच्या वेळी, तुमच्या आवडत्या जागी किनाऱ्यावरून नुसतं जाऊन उभे राहा. फोर्ट डी सोटोला मी असा उभा राहिलो तेव्हा ज्या पट्ट्यावरून लोक उन्हाळ्यात बोटी पळवतात तिथे बगळे चालताना दिसले. ती एक सकाळ पन्नास जाहिराती वाचण्यापेक्षा जास्त शिकवते.

टप्पा 2: गाडी, गॅरेज आणि माणसं

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो ओलांडून जातात आणि मग इथेच अडकतात.

आपल्या घरांमध्ये बहुतेक करून आरएव्ही-फोर किंवा सीआर-व्ही असते. त्यांच्या नेहमीच्या पेट्रोल मॉडेलांची ओढण्याची मर्यादा 1500 पौंड आहे. ओडिसीची 3500, पेट्रोल हायलँडरची योग्य जोडणीसह 5000. आता एका मध्यम स्किफचा, म्हणजे छोट्या, हलक्या, उघड्या बोटीचा हिशेब करा: बोटीचा सांगाडा 750 पौंड, साठ-सत्तर हॉर्सपॉवरचं इंजिन 250, ट्रेलर 500, वीस गॅलन पेट्रोल 120, बॅटऱ्या 150, बर्फाची पेटी-नांगर-सामान 150. झाले 1920. म्हणजे "हलकी" म्हणून घेतलेली बोटसुद्धा सीआर-व्हीच्या मर्यादेबाहेर गेली. जाहिरातीत फक्त सांगाड्याचं वजन लिहिलेलं असतं, हे कायम लक्षात ठेवा. तुमच्या गाडीचा खरा आकडा तिच्या पुस्तिकेतून घ्या, शेजाऱ्याकडून नव्हे.

गॅरेज बहुधा वीस-बावीस फूट खोल असतं. सतरा फुटी बोट ट्रेलरवर चढली, मागे इंजिन आलं, पुढे ट्रेलरचा दांडा आला, की एकवीस-बावीस फूट सहज होतात. पुढचा दांडा बाजूला वळणारा ट्रेलर मिळतो, तो अशा वेळी कामाला येतो. घरमालक संघाचे नियमही आधी वाचा. कित्येक वसाहतींमध्ये बोट दारात उभी करायला मनाई आहे, आणि मग दर महिन्याला जागेचं भाडं भरावं लागतं.

आणि माणसं. प्रामाणिकपणे लिहा, वर्षातल्या दहा फेऱ्यांपैकी किती वेळा दोघेच असाल आणि किती वेळा बायको, मुलं, भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील. ज्यांच्या दहापैकी सात फेऱ्या कुटुंबासह होणार आहेत त्यांनी निव्वळ मासेमारीची अरुंद स्किफ घेऊ नये. तिच्यात धरायला कठडा नसतो, सावली नसते, आणि एक माणूस कडेला सरकला की सगळी बोट कलते.

टप्पा 3: ड्राफ्टचे तीन आकडे वेगळे करा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून थोडं सविस्तर.

ड्राफ्ट म्हणजे बोटीचा किती भाग पाण्याखाली असतो ते माप. जाहिरातीत एकच आकडा असतो. प्रत्यक्षात तुम्हाला तीन लागतात.

पहिला, उभ्या बोटीचा ड्राफ्ट: इंजिन वर उचललेलं, बोट नुसती तरंगतेय. जाहिरातीतला आकडा हाच, आणि तो बऱ्याचदा जवळजवळ रिकाम्या बोटीचा असतो.

दुसरा, पळताना लागणारं पाणी. वेग आल्यावर बोट पाण्यावर चढते, प्लेनवर येते. मग तळ फारसा बुडत नाही, पण पंखा आणि त्याखालचं पातं तळापेक्षा खालीच असतं.

तिसरा, उभ्या बोटीला प्लेनवर यायला लागणारं पाणी. हा आकडा सगळ्यात मोठा आणि जाहिरातीत सहसा नसतो. वेग घेताना बोटीची नाळ (पुढचं टोक) वर उठते, मागची बाजू खाली बसते आणि पंखा तळाकडे जातो. सहा इंचांत तरंगणाऱ्या बोटीला प्लेनवर यायला दीड फूट किंवा त्याहून जास्त पाणी लागू शकतं. म्हणजे भरतीला तुम्ही पळत आत शिराल, मासे धराल, पाणी उतरेल, आणि बाहेर पडायला जागाच उरणार नाही.

माझ्या पहिल्या बोटीच्या जाहिरातीतही "सहा इंच" होतं. मी तेवढंच वाचलं, पाण्यावरची चाचणी न घेता पैसे दिले. जानेवारीतल्या एका सकाळी वीडन आयलंडच्या मागच्या पाण्यात नऊ वाजता बोट गवतावर बसली आणि दुपारी दोनला पाणी आलं तेव्हा सुटली. त्या पाच तासांत मी शांतपणे टेप काढून मोजलं. बोट सहा इंचांची नव्हतीच. आम्ही तिघे आणि सामान मिळून ती मागच्या कोपऱ्यात साडेआठ इंच बुडत होती.

आता घरबसल्या करता येणारा हिशेब. खाऱ्या पाण्याचं वजन दर घनफुटाला 64 पौंड. सोळा-सतरा फुटी स्किफचा पाण्याला टेकलेला तळ अंदाजे 65 ते 75 चौरस फूट. तेवढा तळ एक इंच खाली जायला 350 ते 400 पौंड लागतात. आता मोजा: दोन माणसं 340, पेट्रोल 120, भरलेली बर्फाची पेटी 60, जादा बॅटरी 55, गळ-काठ्या-नांगर 50. एकूण 625. रिकाम्या बोटीच्या आकड्यावर जवळजवळ पावणेदोन इंच चढले. आणि सगळं वजन मागे असेल तर मागची बाजू त्याहूनही खाली.

सावध: "चार इंच ड्राफ्ट" वाचून मन हुरळलं तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: किती माणसं, किती पेट्रोल आणि कोणतं इंजिन लावून मोजलं? उत्तर मिळालं नाही तर तो आकडा पाटीवरून पुसून टाका.

टप्पा 4: बोटीचा प्रकार ठरवा

आता, आणि आताच, प्रकार बघायचा. पहिल्या तीन टप्प्यांचा कागद समोर ठेवा.

पोलिंग स्किफ: सोळा ते अठरा फूट, हलकी, मागे इंजिनाच्या वर उभं राहून काठीने ढकलायचा ओटा. अतिउथळ, शांत पाण्यात दोन जणांसाठी हिला तोड नाही. पण मोठ्या खाडीत ताशी वीस मैलांच्या वाऱ्यात आडवं जायची वेळ आली तर कपडे भिजतात, पाठ दुखते आणि धोकाही असतो. नावाजलेल्या कारखान्याची नवी स्किफ पन्नास हजार डॉलरच्या पुढे सहज जाते.

बे बोट: वीस ते चोवीस फूट, ड्राफ्ट साधारण दहा ते पंधरा इंच. मोकळ्या पाण्यात स्थिर, कुटुंबाला सोयीची. फ्लॅट्सच्या कडेला येते, पार आत येत नाही.

या दोन्हींच्या मधल्या आकाराच्या सतरा-अठरा फुटी, थोड्या रुंद स्किफ आहेत. टॅम्पा बेमध्ये राहणाऱ्या, मुलंबाळं असलेल्या माणसाला मी नव्वद टक्के वेळा हाच प्रकार सुचवतो.

टनेल हल: तळात मागच्या बाजूला बोगद्यासारखी पन्हळ असते, त्यामुळे इंजिन वर बसवता येतं. टेक्सासमध्ये या बोटी भरपूर दिसतात. पळताना फार कमी पाण्यात चालतात, पण पन्हळीमुळे मागचा तरंगता आधार कमी होतो, म्हणून उभ्या असताना थोड्या जास्त बुडतात. लाटांमध्ये पंखा हवा धरतो, तेही खरं.

अल्युमिनियमची जॉन बोट: स्वस्त आणि हलकी, सीआर-व्हीलाही बऱ्याचदा ओढवते. आवाज मात्र फार करते. पेटीचं झाकण हातून सुटलं की दूरवरचे रेडफिश पळतात. आत रबराची चटई घातली तर बराच फरक पडतो. पहिल्या दोन वर्षांसाठी हा वाईट पर्याय अजिबात नाही.

तळाचा कोनही बघा. मागच्या बाजूचा तळ जितका सपाट तितकं कमी पाणी लागतं, पण लाटेवर तितके दणके बसतात. पोलिंग स्किफमध्ये हा कोन शून्यापासून बारा-तेरा अंशांपर्यंत असतो. रोज मोठी खाडी ओलांडायची असेल तर पूर्ण सपाट तळ घेऊ नका.

टप्पा 5: इंजिन आणि जोडसामान

वीस फुटांखालच्या बोटीवर कमाल हॉर्सपॉवर, माणसं आणि एकूण वजन लिहिलेली पट्टी असते. तीच शेवटची मर्यादा. मोठ्या इंजिनाने बोट जास्त पळेल, पण मागे वाढलेला प्रत्येक पौंड ड्राफ्ट वाढवतो. जुन्या हलक्या टू-स्ट्रोकसाठी बनवलेल्या स्किफवर नंतर जड फोर-स्ट्रोक बसवलेलं अनेकदा दिसतं. अशी बोट पाण्यात मागे बसलेली असते आणि मागच्या पाणी निचऱ्याच्या भोकांतून पाणी आत येतं.

एव्हिनरूडची इंजिनं 2020 पासून बनत नाहीत. ती वाईट होती असं नाही, पण घेण्याआधी जवळ दुरुस्ती करणारा आणि भाग मिळण्याची सोय आहे का ते विचारा.

जॅक प्लेट, म्हणजे इंजिन सरळ वर-खाली करणारी चौकट, उथळ पाण्यात उपयोगी आहे. ती इंजिन थोडं मागे ढकलते, म्हणजे तोल आणखी मागे जातो. ट्रिम टॅब, म्हणजे मागच्या काठाला लावलेल्या वर-खाली होणाऱ्या पट्ट्या, मात्र माझ्या मते आधी घ्यावेत. ते नाळ खाली दाबतात, बोट कमी पाण्यात प्लेनवर येते, आणि लाटेतही बसणाऱ्याची पाठ वाचते.

ट्रोलिंग मोटरसाठी (बॅटरीवर चालणारी छोटी, कमी आवाजाची मोटर) ढोबळ नियम: भरलेल्या बोटीच्या दर 100 पौंडांना किमान 2 पौंड जोर. 1900 पौंडांच्या बोटीला चाळीसच्या आसपास पुरतो, वारा-प्रवाहासाठी 55 घ्या. पुश पोल, म्हणजे बोट ढकलायची काठी, अठरा ते बावीस फुटांचा, बोटीपेक्षा लांब असावा. लिथियम बॅटरी महाग आहे, पण शिसाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी वजनात काम होतं. फ्लॅट्स बोटीत वजन कमी करण्याइतका चांगला खर्च दुसरा नाही.

टप्पा 6: जुनी बोट घेताना जमिनीवरची तपासणी

आधी फोनवर सांगा: "मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका." गरम इंजिन सगळं लपवतं. गेल्यावर इंजिनाला हात लावून बघा, थंडच असलं पाहिजे.

मग याच क्रमाने:

ट्रान्सम. इंजिन ज्या मागच्या उभ्या भिंतीला अडकवतात ती. इंजिन थोडं वर उचलून त्याचा खालचा भाग दोन्ही हातांनी वर-खाली हलवा आणि नजर भिंतीवर ठेवा. भिंत इंजिनाबरोबर लवली, बोल्टांभोवती तडे दिसले, तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. रबराच्या हातोड्याने ठोका. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द.

तळ आणि डेक. डेकवर अनवाणी चाला. टाचेखाली दबणारी जागा पायाला लगेच कळते, बुटांतून कळत नाही. तळाखाली झोपून मधली रेघ आणि मागचे कोपरे बघा. वरवरचे ओरखडे चालतात, काचेचे धागे दिसत असतील तर नाही.

गियरकेसचं तेल. खालचा स्क्रू जरासा सैल करून दोन थेंब काढायला सांगा. दुधी रंग म्हणजे आत पाणी शिरलंय.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. सगळे सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. एकच खाली असेल तर तिथेच थांबा. नव्या इंजिनांच्या संगणकातून एकूण तास आणि जुन्या चुकांची नोंद निघते, मेकॅनिकला ती काढायला सांगा.

वायरिंग. डॅशखाली टॉर्च मारा. हिरवट पूड चढलेली टोकं आणि खालच्या भागात आडवी गाळाची रेघ दिसली तर बोट बुडालेली असण्याची शक्यता आहे. 2022 चं इयान आणि 2024 ची हेलेन-मिल्टन ही वादळं होऊन गेल्यावर या किनाऱ्यावर अशा बोटी धुऊन-पुसून विकायला आल्या. नवी गादी, नवे स्टिकर, आणि आतल्या वायरी सडलेल्या.

ट्रेलर. चाकं हाताने फिरवा, घरघर ऐका. टायरवरचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. झिजलेला नसला तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच, तो खर्च किमतीतून वळता करा.

सावध: बोट धुऊन, पॉलिश करून चकचकीत ठेवली आहे याचा अर्थ ती नीट ठेवली आहे असा होत नाही. देखभालीच्या पावत्या मागा. दहा हजार डॉलरच्या वरच्या खरेदीला मान्यताप्राप्त मरीन सर्व्हेयरचे (बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाचे) पैसे द्यावेत, ते वसूल होतात.

टप्पा 7: पाण्यावरची चाचणी आणि वजनकाटा

हा टप्पा नाकारणाऱ्या विक्रेत्याकडून बोट घेऊ नका. अपवाद नाही.

बरोबर दोन माणसं, टेप, पाच गॅलन पाण्याचे चार-पाच डबे (एकेक चाळीसेक पौंडांचा) आणि एक लांब काठी न्या. बोट रॅम्पवर सोडायच्या आधी शक्य असेल तर ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी-ट्रेलर-बोट एकत्र मोजा. बोट पाण्यात गेल्यावर रिकामा ट्रेलर घेऊन पुन्हा मोजा. फरक म्हणजे बोटीचं खरं वजन. त्यातून इंजिन, पेट्रोल, बॅटऱ्या वजा करा आणि कारखान्याने दिलेल्या सांगाड्याच्या वजनाशी ताडून बघा. शंभर-दीडशे पौंड जास्त आले तर आतल्या फोमने पाणी प्यायलंय असं समजा. ते पाणी वाळत नाही.

मग पाण्यात, या क्रमाने:

1. दोघे नेहमीच्या जागी उभे, डबे नेहमीच्या सामानाच्या जागी, आणि तुम्ही मांडीभर पाण्यात उतरून मागच्या दोन्ही कोपऱ्यांशी टेपने बुडीत भाग मोजा. हा तुमचा खरा पहिला आकडा.

2. तिघेही एका कडेला जा. पाणी काठापासून किती राहिलं ते बघा. पोटात गोळा आला तर घरच्यांच्याही येणार.

3. वाऱ्यावर बोट मोकळी सोडा आणि पाच मिनिटं कुणीही बोलू नका. माझी दुसरी बोट बघायला गेलो तेव्हा रेवदंड्याहून आलेले बाबा बरोबर होते. विक्रेता इंजिनाबद्दल सांगत होता आणि बाबा नाळेवर मान वाकवून उभे. थोड्या वेळाने म्हणाले, "खालून टप टप ऐकतोयस ना? मासा पण ऐकतोय." छोट्या लाटा तळाच्या कडेवर आपटत होत्या. बाकी सगळं उत्तम असलेली ती बोट आम्ही सोडली, आणि मला आजही ते बरोबरच वाटतं. हा आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

4. विक्रेत्याच्या संमतीने, फक्त वाळूच्या तळावर, तिसरा आकडा शोधा. काठीने तीन फूट खोली मोजा, तिथून प्लेनवर या. मग अडीच फूट, मग दोन. प्रत्येक वेळी मागे वळून बघा. पाणी गढूळ झालं की पंखा तळाजवळ पोचला, तिथेच थांबा. तो आकडा लिहा आणि वर तीन इंच धरा.

5. पूर्ण वेगात, अर्ध्या वेगात, वळताना. पाण्याच्या दाबाचा काटा आणि इंजिनामागची पाण्याची धार सतत बघत राहा. धार बारीक झाली तर इंपेलर (इंजिन गार ठेवणारं पाणी खेचणारा छोटा पंखा) संपलाय किंवा वाळू अडकली आहे.

6. शेवटी काठीने स्वतः दोनशे फूट ढकलून बघा. सरळ जाते की दर ढकलीला नाळ फिरते? तासन्तास हेच करायचं आहे.

टप्पा 8: कागदपत्रं

बोटीच्या मागच्या उजव्या बाजूला कोरलेला बारा अक्षर-आकड्यांचा हल (सांगाड्याचा) क्रमांक आणि मालकीहक्काच्या कागदावरचा क्रमांक अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. कर्ज बाकी आहे का विचारा, लेखी घ्या. फ्लोरिडात 2000 पौंडांखालच्या ट्रेलरला टायटल (मालकीहक्काचा कागद) नसतं, फक्त नोंदणी असते, म्हणून त्याची खरेदी पावती जपून ठेवा. टेक्सासमध्ये बोटीचं आणि इंजिनाचं टायटल वेगळं असतं. एकच घेऊन घरी आलात तर दुसऱ्यासाठी विक्रेत्याच्या मागे फिरावं लागेल.

1 जानेवारी 1988 नंतर (त्या दिवशीसुद्धा) जन्मलेल्यांना फ्लोरिडात दहा किंवा जास्त हॉर्सपॉवरची बोट चालवायला सुरक्षा-शिक्षणाचं कार्ड लागतं. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 1993 ही तारीख आणि पंधराच्या वर हॉर्सपॉवर. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात बोट चालवायची तर तिथला वेगळा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि स्नेक बाइटसारख्या भागांत इंजिन चालवायला बंदी आहे, काठी किंवा ट्रोलिंग मोटरच चालते.

एप्रिल 2021 पासून सव्वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर, बोट प्लेनवर किंवा वेगात असताना, चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला लावणं केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. ती चाचणीच्या दिवशीच ओढून बघा. जुन्या बोटींवर ती नुसती लटकत असते, इंजिन बंदच होत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना फ्लोरिडात चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घातलेलंच असलं पाहिजे.

टप्पा 9: पहिल्या तीन फेऱ्या

तिन्ही फेऱ्या चढत्या पाण्यावर करा. ओहोटी संपून भरती लागली की निघा, भरती पूर्ण व्हायच्या आत परत या. बोट टेकली तरी पाणी तुम्हाला सोडवायला येतंय. उधाणाच्या भरतीला पार आत शिरू नका. त्या भरतीला टेकलेली बोट दुसऱ्या दिवसापर्यंत, कधी त्याहून जास्त, तिथेच राहू शकते.

टेकलीच, तर इंजिन लगेच बंद करा आणि वर उचला. जोर देऊन निघायचा प्रयत्न करू नका. पंखा गवत मुळासकट उपटतो, आणि टर्टल ग्रासचा तो चर भरायला अनेक वर्षं लागतात. कॉक्रोच बेसारख्या संरक्षित भागात तो गुन्हाही आहे, टेक्सासमध्ये 2013 पासून सगळ्याच किनारी पाण्यात. त्याच गवतात कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात. ज्या गवतासाठी आपण एवढी बोट शोधली तेच आपल्या हाताने खरवडायचं नाही. वजन नाळेकडे हलवा, काठीने आलेल्या दिशेलाच मागे ढकला. वाळू असेल तर उतरा, पण पाय उचलून टाकू नका, तळावर घासत न्या. पाकट वाळूत पुरून बसलेली असते, पाय घासला की निघून जाते, वर पडला तर काटा मारते.

पहिल्या फेरीला निघण्याआधी चाचणीच्या दिवशी लिहिलेले दोन आकडे घ्या आणि पुश पोलच्या टोकापासून मोजून त्यावर दोन रंगांच्या टेपा गुंडाळा. खालची तरंगण्याची, वरची प्लेनवर येण्याची. आत शिरताना काठी तळाला टेकवत चला. पाणी वरच्या टेपेच्या खाली गेलं की घड्याळ बघा आणि पाणी चढतंय की उतरतंय ते पुन्हा एकदा तक्त्यात तपासा.